पदकाची मागची बाजू

"काढा आता ते."

मी व्यासपीठाच्या शेवटच्या पायरीवर होते. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. खाली हेडक्लार्क बोधनकर उभे होते, हातात उघडलेली मखमली डबी. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, गळ्यावर होती.

"काय काढू?" मी विचारलं.

"पदक. डबीत ठेवायचंय."

"मी ठेवते की घरी नेऊन."

"घरी नाही हो, ऑफिसात," बोधनकर आवाज खाली आणून म्हणाले. "फिरतं असतंय हे. दरवर्षी एकच. तुम्हाला फोटो मिळतो आणि प्रमाणपत्र. चला, मागं इलेक्ट्रिकलचं बक्षीस व्हायलंय, वाट अडवू नका."

मला आधी वाटलं, माणूस चेष्टा करतोय. पण बोधनकरांना चेष्टा करताना कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी डबी आणखी पुढं केली.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. लातूरकडच्या एका तालुक्याच्या गावातलं आमचं तंत्रनिकेतन. मेकॅनिकलच्या पदविकेला आम्ही एकसष्ट जण होतो, साठ पोरं आणि मी. तिन्ही वर्षांची बेरीज धरून मी संस्थेत पहिली आले. दुसऱ्या नंबराच्या आणि माझ्यामध्ये एकोणचाळीस मार्कांचं अंतर. हे मी मिरवायला सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवायलाच सांगते. स्वतः कमावलेलं मिरवायला लाज कशाची?

आमच्याकडे पदविकेला तसं कुणी विचारत नाही. डिग्रीवाले इंजिनिअर, आम्ही डिप्लोमावाले, अर्धे. त्यामुळं वर्षातून एकदा होणारा तो गुणगौरव समारंभ आमच्यासाठी सगळं काही होता. मंडप, माईक, आमदारांचं भाषण, आणि शेवटी कै. मन्मथ बिराजदार स्मृती सुवर्णपदक. तीन वर्षं मी खालच्या खुर्चीवर बसून ते दुसऱ्यांच्या गळ्यात पडताना बघितलं होतं. प्रत्येक वर्षी मनात म्हटलं होतं, एक दिवस माझ्या. आणि आता ते गळ्यात पडून दोन मिनिटं झाली नव्हती, तर हा माणूस डबी घेऊन उभा.

"माझ्या वडलांना दाखवते," मी म्हटलं. "तेवढं तरी चालतं का?"

बोधनकरांनी घड्याळ बघितलं. "पाच मिनिटं. आवाराच्या बाहेर जायचं नाही."

अण्णा मंडपाच्या अगदी मागं, खांबाला टेकून उभे होते. पालकांसाठी पुढं दोन रांगा राखून ठेवल्या होत्या, पण ते काही तिथं बसले नाहीत. आम्ही पांचाळ, लोहारकाम करणारे. गावात अण्णांचा भाता होता, ऐरण होती, आणि अख्ख्या पंचक्रोशीच्या विळ्याकुऱ्हाडींना पाणी देणारा हात होता. पण खुर्च्या दिसल्या की त्यांना आपले हात कुठं ठेवावेत ते कळायचं नाही.

"बघू," ते म्हणाले. पदक त्यांनी दोन बोटांत धरलं, अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. "चांदी हाय आतून. वर सोन्याचं पाणी. काम झकास केलंय."

"परत मागायलेत, अण्णा."

"काय?"

"पदक. परत द्यायचंय. दरवर्षी हेच घालतात आणि काढून घेतात."

खरं सांगू? अण्णांनी "असू दे पोरी" म्हटलं असतं, तर मी तिथंच रडले असते आणि पदक देऊन टाकलं असतं. पण त्यांनी ते उलटं केलं, मागची बाजू बघितली, आणि मला विचारलं, "मग ह्याच्यावर तुझं नाव कुठंय?"

नव्हतंच. मागची बाजू कोरी करकरीत होती.

ऑफिसच्या व्हरांड्यात आजवरच्या पहिल्या आलेल्यांचे फोटो टांगलेले होते. मी अण्णांना घेऊन तिकडं गेले. चौदा फोटो, अठ्ठ्याहत्तरपासूनचे. तीन वर्षं मी त्यांच्याखालून वर्गात गेले होते आणि कधी नीट बघितलं नव्हतं. चौदा जणांच्या गळ्यात एकच पदक. डाव्या कडेला एक बारीकसा चरा होता, तो चौदाही फोटोंत होता आणि माझ्या हातातल्या पदकावरही होता. आणि ते चौदा जण कसे हसत होते! पायऱ्या उतरल्यावर आपल्याला काय ऐकायचंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ऐकल्यावर सगळ्यांनी मुकाट काढून दिलं आणि आपल्या मागून येणाऱ्याला सांगितलं नाही. लाज वाटली असणार. मलाही वाटत होती. पहिला नंबर माझा आणि लाजही माझीच, हा कुठला न्याय? माझ्या डोक्यात तिडीक उठली.

आमच्या कार्यशाळेत इनामदार मास्तरांचा एक नियम होता. जॉब, म्हणजे आम्ही घडवलेला लोखंडी नग, कितीही सुरेख घासा, लेथवर कितीही नेमका उतरवा, त्याच्यावर आपल्या रोल नंबरचा पंच ठोकलेला नसला की मास्तर तो उचलायचे आणि भंगाराच्या डब्यात टाकायचे. "ज्याच्यावर नंबर नाही तो कुणाचाच नाही," एवढंच म्हणायचे. पहिल्या वर्षी माझा एक जॉब असा गेला होता, तीन दिवसांची मेहनत. तेव्हापासून मी आधी नंबर ठोकायची, मग बाकीचं काम.

"चला अण्णा," मी म्हटलं.

"कुठं?"

"कार्यशाळेत."

पाहुण्यांसाठी मुलांच्या कामाचं प्रदर्शन मांडलेलं होतं, म्हणून कार्यशाळा उघडीच होती. सगळी माणसं मंडपात. मी पंचांची पेटी काढली, टोकाला एकेक आकडा कोरलेले पोलादी खिळे, पाच मिलिमीटरचे. पदक ऐरणीवर पालथं ठेवलं आणि चाराचा पंच उचलला.

"थांब की," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, आता अडवणार. ते आजूबाजूला बघत होते. कोपऱ्यातल्या रॅकवरून त्यांनी शिशाची एक वडी उचलली, ऐरणीवर ठेवली, तिच्यावर आपला धुतलेला रुमाल दुमडून अंथरला आणि त्याच्यावर पदक ठेवलं.

"लोखंडावर ठेवून ठोकलंस तर पुढचं नाव दबंल. मेलेल्या माणसाचं नाव हाय, त्याला धक्का नको. आन् दोनदा मारायचं नाही. एकच ठोका, पण नेटानं."

असं म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंनी शिसं घट्ट धरलं. मी चार ठोके घातले. चार, एक. खाली नऊ, दोन. रोल नंबर एक्केचाळीस, साल ब्याण्णव. पदकाच्या अगदी मधोमध.

"सरळ आलंय," अण्णा म्हणाले.

बोधनकर मला शोधतच होते. डबी घेऊन आले, म्हणाले, "पाच मिनिटांची वीस केलीत." मी पदक डबीत ठेवलं. त्यांनी झाकण लावलं आणि निघाले. तिथं मी गप्प राहिले असते तर पुढच्या वर्षापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. पण लपवून केलं असतं तर ती चोरी झाली असती.

"बोधनकर साहेब," मी हाक मारली. "मागची बाजू बघून घ्या."

त्यांनी बघितलं. त्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. ते जवळजवळ पळतच प्राचार्यांच्या खोलीकडे गेले.

दहा मिनिटांनी मी आणि अण्णा दिवेगावकर सरांच्या टेबलासमोर उभे होतो. दिवेगावकर सर म्हणजे आमचे प्राचार्य, शिकवायला उत्तम, आणि चिडले की शब्द मोजून वापरणारे. पदक त्यांच्यासमोर पालथं पडलं होतं. शेजारच्या खोलीत पाहुण्यांचा चहा चालला होता, बशांचे आवाज येत होते.

"हे काय आहे, पांचाळ?"

"माझा नंबर, सर."

"ही संस्थेची मालमत्ता आहे."

"मग माझ्या गळ्यात कशाला घातली?"

"द्वारका!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "गौरव केला तुझा. चौदा वर्षांत एकानं हूं का चूं केलं नाही, आणि तुझी ही हिंमत?"

"प्रमाणपत्रावर तुमची सही आहे, सर. 'सुवर्णपदक देऊन गौरवण्यात येत आहे.' देऊन, असं लिहिलंय. दाखवून, असं नाही."

सरांनी खण उघडला आणि एक कागद बाहेर काढून समोर ठेवला. माझा चारित्र्याचा दाखला. माझं नाव टाइप केलेलं, शिक्का मारलेला, सहीची जागा तेवढी मोकळी.

आता हे सांगायला हवं, की तो कागद म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य होतं. पुण्याच्या एका कारखान्यात माझी ट्रेनी म्हणून निवड झाली होती. सोमवारी सकाळी आठ वाजता मूळ कागदांसह हजर व्हायचं होतं. तो शनिवार होता. उद्याच्या एस.टी.चं तिकीट अण्णांच्या खिशात होतं. चारित्र्याचा दाखला नसेल तर गेटमधूनच परत, असं त्यांनी पत्रातच लिहिलेलं. आणि मी परत आले असते, तर घरात माझ्यासाठी एक स्थळ तयार होतं. मुलाचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि त्याला दुकानात हाताखाली शिकलेली बायको हवी होती.

"एक माफीनामा लिहून दे," सर म्हणाले. "अविचारानं संस्थेच्या वस्तूचं नुकसान केलं, एवढंच लिही. सोनाराकडून मी ते घासून घेतो, पुन्हा पाणी देतो. विषय संपला. दाखल्यावर आत्ता सही करतो."

"घासून घेणार?"

"अर्थात."

"मग नाही लिहीत."

"विचार कर."

"केला, सर. माझा नंबर घासायला मीच कागद लिहून देऊ? नाही व्हायचं."

सरांनी मान वळवून अण्णांकडे बघितलं. "तुम्ही वडील आहात ना? सांगा जरा पोरीला. हिच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

अण्णा दाराजवळच उभे होते, हातात टोपी. त्यांनी घसा साफ केला. "सर, शिसं मीच धरलं होतं खाली."

मला त्या घडीला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं, की मी दातांखाली ओठ धरला. तेवढ्यात मधलं दार उघडलं.

"कसला गोंधळ चाललाय, सर? आमदार निघाले."

दारात गंगाक्का बिराजदार होत्या. पदक त्यांच्या मुलाच्या नावाचं, दरवर्षी व्यासपीठावर त्याच स्वतःच्या हातानं घालायच्या. अंगात इरकलचं लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. सत्तरीच्या पुढच्या असतील. त्यांच्यामागं बोधनकर, आता काय होणार म्हणून मान आत ओढून उभे.

"काही नाही, अक्का," सर चटकन पदकावर हात ठेवून म्हणाले. "तुम्ही बसा, मी आलोच."

"हात काढा," अक्का म्हणाल्या.

त्यांनी पदक उचललं, डोळ्यांजवळ नेलं. काही दिसलं नसावं. मग अंगठा फिरवला आणि जिथं आकडे होते तिथं तो थांबला.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणाले.

"मघाशी तुझ्याच गळ्यात घातलं नव्हं मी?"

"हो, अक्का."

"मग कशापायी गं? तुझं काय वाकडं केलं होतं मी?" त्यांचा आवाज कापत होता, पण मऊ नव्हता. "माझ्या लेकराचा करदोटा आहे हा. चांदीचा. तेविसाव्या वर्षी कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेला. शेवटचं वर्ष होतं त्याचं, ह्याच कॉलेजात. अंगावरचा करदोटा आणि बोटातली अंगठी, एवढंच हाती लागलं. त्याचं हे केलं. पहिल्या वर्षी देऊनच टाकणार होते मी, पण हातातून सुटंना. तेव्हाच्या सरांना मीच म्हणलं, परत घेत जावा. वर्षातून एकदा हातात येतंय, तेवढंच माझं. त्याच्यावर तू घाव घातलास?"

सरांशी भांडायला मी तयार होते, हिच्याशी नव्हते. इथं गप्प बसावं, पाया पडावं, माफीनामा लिहावा आणि पुण्याला निघून जावं, असं एक मन म्हणत होतं. पण दुसरं मन ऐकेना. आणि माझ्या नशिबानं किंवा कमनशिबानं, तोंड नेहमी दुसऱ्या मनाकडंच असतं.

"अक्का," मी म्हणाले, "तुमच्या लेकराचं असेल तर तुमच्याजवळ ठेवा. देवघरात ठेवा. तुमच्याकडून ते मागायचा कुणाला हक्क नाही. पण मग आमच्या गळ्यात घालू नका. तीन वर्षं मी रॉकेलच्या कंदिलावर अभ्यास केलाय. साठ पोरांमध्ये एकटी उभी राहून लोखंडावर फाइल मारलीय, हे बघा हात. तो गौरव दोन मिनिटांचा असतो होय? घालायचं असेल तर ज्याच्या गळ्यात घातलं त्याची काहीतरी खूण त्याच्यावर पाहिजे. तुम्हाला आमच्यातला एक तरी आठवतोय का?"

"पांचाळ, पुरे!" सर ओरडले.

अक्कांनी हातानंच त्यांना थांबवलं. त्या टेबलाच्या कडेला टेकल्या. अंगठा त्या चार आकड्यांवरून फिरत होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकबी आठवत नाही. मी पदकाकडंच बघत होते, दरवर्षी." मग त्यांनी बोधनकरांकडं तोंड केलं. "किती जण झाले आजपोत्तर?"

"ही धरून पंधरा, अक्का."

"नंबर लिहिलेले हायत का तुमच्याकडं?"

"रजिस्टरात असतील."

"आणा." आणि मला म्हणाल्या, "मधोमध जागा तूच घेतलीस व्हय गं? बाकीच्यांचं काय? सगळ्यांचे घालता येतील?"

"कडेकडेनं बसतील. तीन मिलिमीटरचे पंच आहेत."

"मग घाल."

दिवेगावकर सर उठून उभे राहिले. "अक्का, हे काय चाललंय? शिस्त म्हणून काही आहे की नाही? हिनं माफी मागितली पाहिजे."

"ते तुमचं तुम्ही बघा," अक्का म्हणाल्या. "मला नंबर घालून पाहिजेत."

सरांनी दाखला दुमडला आणि खिशात घातला. "ठीक आहे. तुमचं काम होऊ द्या. सहीचं मी नंतर ठरवीन."

आम्ही सगळे कार्यशाळेत गेलो. अक्कांना इनामदार मास्तरांचं स्टूल दिलं. अण्णांनी पुन्हा शिसं लावलं, रुमाल झटकून अंथरला, पदक ठेवलं. बोधनकर रजिस्टर उघडून माझ्या उजव्या हाताला उभे राहिले. सर लेथच्या पलीकडं, हाताची घडी घालून. त्यांच्या खिशातून माझ्या दाखल्याची कड दिसत होती, आणि मी ती बघायची नाही असं ठरवूनही बघत होते.

"वाचा," मी बोधनकरांना म्हणाले.

"अठ्ठ्याहत्तर साल, रोल नंबर..."

"थांबा," अक्का म्हणाल्या. त्या स्टुलावरून पुढं वाकल्या आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थंडगार होता. "सगळ्यात आधी मन्मथचा घाल. रोल नंबर तेवीस. सत्त्याहत्तर साल. वरच्या बाजूला, जरा मोठा घाल. मग बाकीच्यांचे."

मी पंच खाली ठेवला.

सगळं बोलणं झालं होतं. बाईनं माझी बाजू घेतली होती. ऐंशी पावलांवर गेट, गेटाबाहेर एस.टी., आणि एस.टी.च्या पलीकडं माझं स्वतःचं काहीतरी. तिला फक्त चार आकडे पाहिजे होते, तेही तिच्याच चांदीवर. कोणाचं काय बिघडलं असतं? हे मी त्या वेळी विचारलं आणि पुढची तीस वर्षं स्वतःला अधूनमधून विचारत आले. अण्णा माझ्याकडं बघत होते. घाल म्हणत नव्हते, नको म्हणत नव्हते. शिसं धरून उभे होते.

"नाही, अक्का," मी म्हणाले.

"काय?"

"त्यांचा नंबर नाही घालता येणार."

अक्कांचा हात अजून माझ्या मनगटावर होता.

"कामून?"

"ते परीक्षेला बसले नव्हते."

"आजारी पडला गं तो! बसला असता तर पहिला आला असता. सगळे म्हणायचे."

"आला असता," मी म्हणाले. "पण आला नाही, अक्का. हे पंधरा जण आलेत. ह्यांच्यातल्या कुणाचा बाप भाकरी बांधून द्यायचा, कुणी हमाली करून शिकला असेल, मला माहीत नाही. पण ते बसले आणि आले. पुढच्या बाजूला तुमच्या मन्मथचं नाव आहे, पूर्ण नाव, ठळक. त्याला आम्ही धक्का लागू दिला नाही. पण मागची बाजू आमची आहे."

"बघा अक्का!" दिवेगावकर सर लेथच्या मागून पुढं आले. "आता तरी पटलं? म्हणूनच मी सांगत होतो. ही पोरगी कुणाचंच ऐकायची नाही." आणि त्यांनी खिशातला दाखला काढून दोन्ही हातांत धरला, फाडायच्या बेतानं.

मंडपातले लोक खुर्च्या उचलत होते ते ऐकू येत होतं. अक्का रडत होत्या. आवाज न करता, चष्म्याखालून पाणी सरळ गालांवर. मीही रडत होते, पण पंच मी उचलला नाही. पुन्हा सांगितलं असतं तरी उचलला नसता. आजही उचलला नसता.

मग अक्कांनी माझ्या मनगटावरचा हात काढला. पदराच्या शेवानं चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर घातला.

"सर," त्या म्हणाल्या, "पोरीच्या कागदावर सई करा."

"अक्का, पण..."

"करा म्हणते ना. खोटा नंबर घालायचा असता तर मघाशीच घातला असता की तिनं." आणि त्या माझ्याकडं वळल्या. चेहरा अजून ओलाच होता, पण नजर पहिल्यांदा माझ्या चेहऱ्यावर होती, पदकावर नव्हती. "तुझं खरं हाय. मागची तुमची. बोधनकर, पुढचं वाचा."

बोधनकरांनी कागदावर बोट ठेवलं. "अठ्ठ्याहत्तर साल. रोल नंबर सतरा. सोपान तुकाराम कांबळे."

"सोपान," अक्का स्वतःशी म्हणाल्या. "कसा होता हो दिसायला?"

बोधनकर सांगायला लागले, आणि मी एकाचा आणि साताचा पंच शोधायला पेटीत हात घातला.